ध्वनिसंच, घरगुती : घटकांची जोडणी

ध्वनिमुद्रिका, ध्वनिफीत, अंकीय तबकडी, रेडिओ इ. उद्‌गमांपासून मिळणारे विद्युत् संकेत पायरीपायरीने वाढवून त्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या व घरी वापरावयाच्या साधनांच्या समूहास घरगुती ध्वनिसंच म्हणतात. अशा संचातील घटक पुष्कळदा वेगवेगळ्या कारखान्यांत व वेगवेगळ्या काळी तयार झालेले असतात आणि ते तारांच्या साहाय्याने एकमेकांस जोडण्याचे काम वापरणाऱ्यालाच करावे लागते. वरवर पाहता हे काम सोपे दिसते. ज्या सॉकेटमध्ये प्लग बसतो तेथे तो बसविला की जोडणी पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि प्लग बसला म्हणजे दोन्ही टोकांची विद्युत् परिस्थिती जुळली असे होत नाही. एकाच आकाराच्या तीन सॉकेटांपैकी एकावर ५ मिलिव्होल्ट, दुसऱ्यावर २ व्होल्ट आणि तिसऱ्यावर सेकंदास सु. २८ लक्ष द्विमान अंक वाहून नेणारा अंकीय संकेत असू शकतो. चुकीच्या जोडणीमुळे ध्वनी क्षीण वा विकृत होणे, सतत गुणगुण ऐकू येणे, विवर्धक किंवा ध्वनिक्षेपक जळणे आणि प्रसंगी विजेचा धक्का बसणे असे परिणाम संभवतात. जोडणी बिनचूक होण्यासाठी प्रत्येक सांध्यावर चार गोष्टी पाहाव्या लागतात : संकेताची पातळी, संरोध, ध्रुवता व भूसंपर्क.

ऐतिहासिक आढावा : विद्युत् पद्धतीने ध्वनिमुद्रण करण्यास १९२५ साली व्यापारी प्रमाणावर सुरुवात झाली. त्यानंतरच्या काळात घरोघरी आलेल्या रेडिओग्रॅममध्ये रेडिओ, ध्वनिमुद्रिका वाजविण्याची यंत्रणा, विवर्धक व ध्वनिक्षेपक हे सर्व घटक एकाच लाकडी कपाटात बसविलेले असत. त्यांची आपसांतील जोडणी कारखान्यातच झालेली असे आणि ग्राहकाला विजेचा प्लग व आकाशक यांपलीकडे काही जोडावे लागत नसे. अशा कपाटांतील अंतर्गत जोडणीसाठी रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने १९३०–४० या दशकात एक साधा प्लग प्रचारात आणला. मध्ये एक पीन व तिच्याभोवती धातूचे कडे अशी त्याची रचना असून कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्यास ‘आरसीए प्लग’ हे नाव पडले. घरगुती संचांत तो अद्यापही सर्वाधिक प्रचारात आहे.

कोलंबिया कंपनीने १९४८ साली मिनिटास ३३१/३ फेरे घेणारी दीर्घवादन ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिच्यातील मूळ ध्वनीचे गुण एकसंध कपाटात पुरतेपणी प्रकट होत नसल्यामुळे हौशी श्रोते स्वतंत्र विवर्धक व स्वतंत्र पेटीतील ध्वनिक्षेपक वापरू लागले. ब्रिटिश अभियंते ॲलन डोवर ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओ, म्हणजे दोन मार्गी, ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. पण अशा ध्वनिमुद्रिका सर्वसामान्य बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. त्यामुळे संचातील सांध्यांची संख्या दुप्पट झाली. अशा रीतीने एके काळी कारखान्याची असलेली जबाबदारी घरमालकाकडे आली, मात्र त्यासाठी लागणारी माहिती तिच्याबरोबर आली नाही. पुढे १९८२ साली आलेली अंकीय तबकडी व त्यानंतरची संगणकीय आणि बिनतारी साधने यांनी सांध्यांच्या प्रकारांत आणखी भर घातली.

संचाची रचना : संकेताचा प्रवास उद्‌गम, पूर्वविवर्धक, शक्तिविवर्धक व ध्वनिक्षेपक या क्रमाने होतो. पूर्वविवर्धकात उद्‌गमाची निवड, आवाजाचे नियंत्रण आणि मंद्र व तार स्वरांचे समायोजन या सोयी असतात. शक्तिविवर्धक ध्वनिक्षेपकाचे पडदे हलविण्याइतकी शक्ती पुरवितो. हे दोन्ही घटक एकाच पेटीत असल्यास तिला एकात्म विवर्धक म्हणतात. प्रत्येक घटकाच्या आत येणाऱ्या संकेतास आदान व बाहेर जाणाऱ्या संकेतास प्रदान म्हणतात. एकाचे प्रदान दुसऱ्याच्या आदानास जोडावयाचे हा मूळ नियम होय. प्रदानास प्रदान जोडल्यास ध्वनी तर मिळत नाहीच, शिवाय दोन्ही साधनांच्या अखेरच्या टप्प्यांवर विनाकारण ताण पडतो.

संकेताची पातळी : घरगुती संचात ढोबळमानाने तीन पातळ्या आढळतात. ध्वनिमुद्रिकेच्या कार्ट्रिजपासून मिळणारा दाब फार क्षीण असतो. चलचुंबक कार्ट्रिजचा सु. ३ ते ५ मिलिव्होल्ट, तर चलवेटोळे कार्ट्रिजचा बहुधा ०·२ ते ०·५ मिलिव्होल्ट असतो. रेडिओ, टेपरेकॉर्डर इत्यादींच्या प्रदानाची घरगुती संदर्भपातळी ०·३१६ व्होल्ट मानतात. अंकीय तबकडीवादकाचा कमाल दाब सु. २ व्होल्ट असतो. या दोहोंना मिळून ‘लाइन’ पातळी म्हणतात. तिसरी पातळी ध्वनिक्षेपकाची होय. तेथे दाब काही व्होल्टांपासून वीस-तीस व्होल्टांपर्यंत व प्रवाह काही अँपिअरपर्यंत जातो.

या पातळ्यांची सरमिसळ हा जोडणीतील सर्वांत सामान्य दोष आहे. उदा., तबकडीवादकाचा २ व्होल्टचा संकेत ‘फोनो’ असे लिहिलेल्या आदानास दिला, तर तो अपेक्षेपेक्षा सु. ४०० पट मोठा ठरतो. त्या आदानामागील विवर्धन १,००० हर्ट्‌झ कंप्रतेस (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस) सु. १०० पट असते. म्हणजे प्रदानाला २०० व्होल्ट दाब मिळावयास हवा. मंडलाला पुरविलेला एकदिश दाबच वीस-तीस व्होल्ट असल्यामुळे तरंगांची शिखरे छाटली जातात व कर्कश विकृत आवाज निघतो. उलट, कार्ट्रिज सरळ लाइन आदानास जोडल्यास आवाज अतिशय क्षीण व पातळ येतो. ध्वनिक्षेपकासाठी असलेले प्रदान कोणत्याही लाइन आदानास सरळ जोडू नये. ते जोडणे अपरिहार्य असल्यास दाब कमी करणारे व विद्युत् दृष्ट्या अलग ठेवणारे रोहित्रयुक्त साधन मध्ये घालावे लागते.

संरोध : प्रत्यावर्ती प्रवाहास मंडलात होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. जोडणी करताना दोन्ही बाजूंचे संरोध समान असले पाहिजेत, असा एक समज रूढ आहे. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांवर ६०० ओहम संरोधाची जुळवणी करीत, त्या प्रथेतून तो आलेला दिसतो. घरगुती सदृश जोडणीत मात्र नेमके याच्या उलट तत्त्व लागू पडते : प्रदानाचा संरोध शक्य तितका कमी व आदानाचा त्याच्या निदान दहापट असावा. १ किलोओहम प्रदान १० किलोओहम आदानास जोडल्यास मूळ दाबाचा १०/११ भाग पुढे जातो व हानी १ डेसिबेलपेक्षाही कमी होते. तेच प्रदान १ किलोओहम आदानास जोडल्यास निम्मा दाब, म्हणजे ६ डेसिबेल, वाया जातो.

प्रदानाचा संरोध जास्त असल्यास तारेची विद्युत् धारणाही त्रासदायक ठरते. जाळीचे कवच असलेल्या तारेत मधली तार व कवच यांच्यामध्ये दर मीटरला सु. १०० पिकोफॅराड धारणा असते, असे धरल्यास ३ मी. तारेची धारणा ३०० पिकोफॅराड होते. प्रदानाचा संरोध १०० किलोओहम असेल, तर सु. ५,३०० हर्ट्‌झच्या वरील कंप्रता क्षीण होऊ लागतात. तंबोऱ्याच्या तारांची जवारी, झांजेचा झणत्कार व व्यंजनांचा स्पष्टपणा यांना त्यामुळे उणेपणा येतो. प्रदानाचा संरोध १ किलोओहम असल्यास हीच मर्यादा सु. ५,३०,००० हर्ट्‌झपर्यंत, म्हणजे श्रवणमर्यादेच्या पुष्कळ पलीकडे जाते. यावरून तारेचा दोष हा बहुधा केवळ तारेचा नसून तिच्या टोकांना असलेल्या साधनांचाही असतो, हे लक्षात येईल.

ध्वनिमुद्रिका वादकाची जोडणी : ध्वनिमुद्रिका कापताना मंद्र कंप्रतांचा परमप्रसर कमी व तार कंप्रतांचा जास्त ठेवतात. तसे न केल्यास मंद्र स्वरांच्या खाचा शेजारच्या खाचेत शिरतील व तार स्वर पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. वाजविताना याच्या नेमके उलट समायोजन करावे लागते. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ साली यासाठी ठरविलेले प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. त्यानुसार १,००० हर्ट्‌झच्या तुलनेने २० हर्ट्‌झ कंप्रता सु. १९ डेसिबेल वाढवावी व २०,००० हर्ट्‌झ कंप्रता सु. १९·५ डेसिबेल घटवावी लागते. फोनो आदानामागील मंडल हेच काम करते. विवर्धकाला असे आदान नसेल, तर स्वतंत्र फोनो पूर्वविवर्धक मध्ये घालावा. वादकातच तो बसविलेला असल्यास मात्र लाइन आदान वापरावे. समायोजन दोनदा झाले तर आवाज घुमट व मंद होतो.

चलचुंबक कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार प्रमाण मानला आहे. तिच्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व व तारेची धारणा यांच्यामुळे श्रवणकक्षेच्या वरच्या टोकास अनुस्पंदन होते. ०·५ हेन्‍री प्रवर्तकत्वास ३०० पिकोफॅराड धारणा जोडल्यास ते सु. १३,००० हर्ट्‌झला येते, तर १५० पिकोफॅराडला ते सु. १८,००० हर्ट्‌झपर्यंत सरकते. म्हणून वादकाची तार विनाकारण लांबवू नये आणि कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेली धारणा ओलांडू नये. वादकापासून निघणारी सुटी बारीक तार विवर्धकाच्या भूअग्रास जोडणे आवश्यक असते.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत बालगंधर्व (१८८८–१९६७) व त्यांच्या समकालीन गायकांची नाट्यपदे अशा लाखेच्या मुद्रिकांवर जतन केलेली आढळतात. त्यांच्या खाचा रुंद असल्यामुळे सु. ७० मायक्रोमीटर त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. दीर्घवादन मुद्रिकेसाठी ही त्रिज्या सु. २५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असते. बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घासत जाते व गाण्यापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. तसेच १९५४ चे समायोजन या मुद्रिकांना तंतोतंत लागू पडत नाही. १९२५ पूर्वीच्या मुद्रिका तर विद्युत् मंडलाविना केवळ कर्ण्याच्या साहाय्याने मुद्रित केलेल्या असल्यामुळे त्यांना कापताना कोणतेही विद्युत् समायोजन झालेले नसते. अशा मुद्रिका वाजविताना विवर्धकाची कळ ‘मोनो’वर ठेवल्यास खाचेच्या उभ्या खडबडीतपणामुळे उद्‌भवणारे संकेत परस्परांना छेदतात व खरखर कमी होते. मुद्रिका झिजण्यापूर्वी तिची अंकीय प्रत करावयाची असल्यास ही काळजी आधी घ्यावी; चुकीच्या सुईने व चुकीच्या समायोजनाने केलेली प्रत हीच पुढे मूळ समजली जाण्याचा धोका असतो.

लाइन पातळीच्या जोडण्या : या जोडण्यांत उजव्या मार्गासाठी तांबडा व डाव्या मार्गासाठी पांढरा किंवा काळा प्लग वापरण्याचा संकेत आहे. पिवळा प्लग दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेतासाठी असतो. जुन्या युरोपीय पद्धतीच्या संचांवर आढळणाऱ्या पाच पिनांच्या जर्मन सॉकेटात दोन्ही मार्गांचे आदान व प्रदान एकत्र असतात. ते आरसीए सॉकेटास जोडताना कोणती पीन कोणत्या कामाची, हे माहितीपत्रकावरून पडताळून मगच जोडतार निवडावी.

टेपरेकॉर्डरसाठी विवर्धकावर दोन जोड्या सॉकेट असतात. विवर्धकाचे ‘टेप-प्रदान’ टेपरेकॉर्डरच्या मुद्रण आदानास व टेपरेकॉर्डरचे वादन प्रदान विवर्धकाच्या ‘टेप-आदानास’ जोडतात. संकेत बाहेर जाऊन परत येत असल्यामुळे हे एक वलय बनते. मुद्रण चालू असताना टेपरेकॉर्डरचाच संकेत पुन्हा त्याच्याकडे गेल्यास पुनःप्रदाय होऊन तीव्र शीळ निर्माण होते. विवर्धकावरील ‘टेप मॉनिटर’ कळ चुकून दाबलेली राहिल्यास इतर सर्व उद्‌गम मुके होतात. बिघाड समजून दुरुस्तीला पाठविलेल्या विवर्धकात पुष्कळदा एवढाच दोष असतो.

अंकीय जोडण्या : अंकीय तबकडीवर दर सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ द्विमान अंकांचे, साठविलेले असतात. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी ठरविलेल्या पद्धतीने हे अंक एका तारेवरून दुसऱ्या साधनाकडे पाठविता येतात. समाक्ष तारेसाठी आरसीए प्लगच वापरतात, परंतु तार ७५ ओहम संरोधाची असावी लागते. येथे कंप्रता अतिशय उच्च असल्यामुळे टोकांवरून संकेताचे परावर्तन होऊ नये म्हणून संरोधांची जुळवणी खरोखरच आवश्यक असते. सदृश जोडणीत अनावश्यक ठरलेले तत्त्व अंकीय जोडणीत अनिवार्य ठरते. तोशिबा कंपनीने १९८३ साली आणलेल्या प्रकाशीय जोडणीत संकेत प्रकाशरूपाने तंतूतून जातो. तीत धातूचा संबंध नसल्यामुळे दोन साधनांमध्ये भूसंपर्काचे वलय निर्माण होत नाही, हा तिचा विशेष फायदा होय. अंकीय प्रदान सदृश आदानास जोडल्यास संगीत ऐकू येत नाही. दूरचित्रवाणी संचाचे अंकीय प्रदान केवळ दोन मार्गी विवर्धकास जोडावयाचे असल्यास संचाच्या यादीतून ‘पीसीएम’ हा प्रकार निवडावा, अन्यथा संक्षेपित बहुमार्गी संकेताचा अर्थ विवर्धकाला लागत नाही. एचडीएमआय जोडणीत २००९ पासून दूरचित्रवाणीकडून विवर्धकाकडे उलट दिशेने ध्वनी पाठविण्याची सोय झाली. तिच्यासाठी दोन्ही बाजूंस त्या खुणेचेच सॉकेट वापरावे लागते. ब्लूटूथसारख्या बिनतारी जोडणीत तारांमुळे येणारी गुणगुण टळते, परंतु ध्वनी संक्षेपित होतो व थोडा विलंबाने पोहोचतो.

ध्वनिक्षेपकाची जोडणी : व्यवहारात ज्याला स्पीकर म्हणतात त्या ध्वनिक्षेपकाचा नाममात्र संरोध बहुधा ४ किंवा ८ ओहम असतो. प्रत्यक्षात तो कंप्रतेनुसार बदलतो; आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार त्याचे किमान मूल्य नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक एकसरीत जोडल्यास १६ ओहम व अनेकसरीत जोडल्यास ४ ओहम संरोध होतो. असे तीन अनेकसरीत जोडल्यास तो सु. २·७ ओहमवर येतो. २० व्होल्ट दाबास ८ ओहममधून २·५ अँपिअर प्रवाह जातो, तर २·७ ओहममधून सु. ७·५ अँपिअर. विवर्धकावर ‘किमान ४ ओहम’ असे लिहिलेले असताना स्वयंपाकघरात व गच्चीवर आणखी ध्वनिक्षेपक जोडत गेल्यास त्यातील ट्रँझिस्टर तापून निकामी होतात ते यामुळेच.

ट्रँझिस्टर विवर्धकाच्या प्रदानाची दोन अग्रे एकमेकांस टेकल्यास तो जळण्याची शक्यता असते. निर्वात नलिकांच्या विवर्धकाचे याच्या उलट आहे : ध्वनिक्षेपक न जोडता त्याला संकेत दिल्यास प्रदान रोहित्रात उच्च दाब निर्माण होऊन त्याचे निरोधन फुटू शकते. या विवर्धकांवर ४, ८ व १६ ओहम अशी वेगवेगळी अग्रे असतात, त्यांतील योग्य ते निवडावे. काही आधुनिक विवर्धकांत ऋण अग्रही भूसंपर्कित नसून त्यावरही संकेत असतो. म्हणून डाव्या व उजव्या मार्गांची काळी अग्रे कधीही एकत्र जोडू नयेत.

तारेची जाडी अंतरावरून ठरवितात. तारेचा एकूण रोध ध्वनिक्षेपकाच्या संरोधाच्या ५ टक्क्यांहून कमी असावा, हा व्यवहारात पुरेसा नियम आहे. १ चौ. मिमी. तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सु. ०·०१७ ओहम असतो. विवर्धकापासून १० मी. अंतरासाठी जाण्यायेण्याची मिळून २० मी. तार लागते व तिचा रोध सु. ०·३४ ओहम होतो. ८ ओहम ध्वनिक्षेपकास तो चालण्यासारखा आहे, परंतु ४ ओहम ध्वनिक्षेपकास मर्यादेबाहेर जातो. तेथे २·५ चौ. मिमी. तार घेतल्यास रोध सु. ०·१४ ओहमवर येतो. ही जाडी विजेच्या सामान्य दुकानात मिळणाऱ्या तांब्याच्या तारेतही मिळू शकते. तिच्यापलीकडे तारेच्या किमतीत केलेली वाढ कानाला जाणवेल असा फरक सहसा करीत नाही.

ध्रुवता : विवर्धकाचे तांबडे अग्र ध्वनिक्षेपकाच्या तांबड्या अग्रास व काळे काळ्यास जोडावे. दोहोंपैकी एकाच ध्वनिक्षेपकाची जोडणी उलट झाल्यास एकाचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो. १०० हर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी सु. ३·४ मी. असते, ध्वनिक्षेपक एकमेकांपासून दोन मीटरांवर असल्यास मंद्र तरंग श्रोत्यापर्यंत विरुद्ध कलांत पोहोचून बव्हंशी परस्परांना नष्ट करतात. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होणे व गायकाचा आवाज मध्यभागी न येता दोन्ही बाजूंना विखुरल्यासारखा वाटणे, ही या दोषाची लक्षणे होत. दोन्ही जोडण्या उलट असल्या, तर हा दोष येत नाही. खुणा पुसल्या गेल्या असल्यास १·५ व्होल्टचा घट ध्वनिक्षेपकाच्या अग्रांना क्षणभर लावून पाहावा. घटाचे धन टोक ज्या अग्रास लावल्यावर मोठ्या ध्वनिक्षेपकाचा पडदा बाहेर येतो ते सर्वसाधारणतः धन अग्र होय. या वेळी विवर्धकाच्या तारा काढलेल्या असाव्यात.

भूसंपर्क व गुणगुण : भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा आहे. संचातून सतत ऐकू येणारी गुणगुण याच कंप्रतेची किंवा तिच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्‌झची असते. दोन साधने खोलीतील दोन वेगवेगळ्या भूसंपर्कित सॉकेटांतून वीज घेत असतील व त्याच वेळी त्यांना जोडणाऱ्या संकेततारेचे कवचही त्यांच्या भूअग्रांना जोडत असेल, तर एक बंद वलय तयार होते. दोन भूसंपर्कांतील अल्पशा विद्युत् दाबभेदामुळे कवचातून प्रवाह वाहतो व तो संकेतात मिसळतो. लाइन पातळीस १ मिलिव्होल्ट गुणगुण मिसळल्यास ती संकेताच्या केवळ ५० डेसिबेल खाली राहते. विलंबित लयीतील आलापात जेथे गायक क्षणभर थांबतो, तेथे ती स्पष्ट ऐकू येते.

यावरील पहिला उपाय म्हणजे संचातील सर्व साधनांना एकाच भिंतीवरील सॉकेटातून, एका फळीद्वारे वीज पुरविणे. संकेताच्या तारा वीजतारांना समांतर नेऊ नयेत; जेथे त्या ओलांडाव्या लागतात तेथे काटकोनात ओलांडाव्यात. गुणगुण राहिल्यास सर्व उद्‌गम काढून एकेक पुन्हा जोडत जावे, म्हणजे दोषी साधन सापडते. केबल दूरचित्रवाणीची बाहेरून येणारी तार हे अशा वलयाचे एक नेहमीचे कारण असते. तेथे अलगीकरण रोहित्र बसवितात. तीन पिनांच्या प्लगची मोठी पीन काढून टाकल्याने गुणगुण कधीकधी थांबते व म्हणून हा उपाय लोक सर्रास करतात. तो अत्यंत धोकादायक आहे. साधनाच्या आत निरोधन फाटून २३० व्होल्ट दाब धातूच्या पेटीवर आल्यास ज्या मार्गाने तो प्रवाह जमिनीत जाऊन वितळतार तुटावयाची तोच मार्ग या कृतीने बंद होतो. त्यानंतर पेटीला हात लावणाऱ्याचे शरीर हाच जमिनीकडे जाण्याचा मार्ग उरतो.

जोडणीचा क्रम व तपासणी : जोडणीपूर्वी सर्व साधनांचा वीजपुरवठा बंद करावा व आवाजाचे नियंत्रण किमान स्थितीत ठेवावे. प्रथम ध्वनिक्षेपक, मग उद्‌गमांच्या संकेततारा व शेवटी वीज या क्रमाने जोडणी करावी. ध्वनिक्षेपकाच्या तारेची टोके पीळ देऊन घट्ट करावीत. सुटलेला एखादा केसासारखा धागा शेजारच्या अग्रास टेकला तरी मंडल संक्षिप्त होते. संच चालू करताना प्रथम उद्‌गम व शेवटी शक्तिविवर्धक आणि बंद करताना प्रथम शक्तिविवर्धक, असा क्रम ठेवल्यास पूर्वविवर्धकातील क्षणिक धक्के ध्वनिक्षेपकापर्यंत जात नाहीत.

संच चालू झाल्यावर डाव्या-उजव्या मार्गांची समतोल कळ एकेका बाजूस फिरवून मार्गांची अदलाबदल झाली नाही ना, हे पाहावे. नंतर ‘मोनो’ स्थितीत एखाद्या वृत्तनिवेदकाचा आवाज ऐकावा. दोन ध्वनिक्षेपक व श्रोता हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर असताना तो आवाज नेमका मध्यभागातून येत असल्यास पातळी व ध्रुवता दोन्ही योग्य आहेत, असे समजावे. कोकण किनारपट्टीसारख्या दमट व खाऱ्या हवेत तांब्याच्या उघड्या टोकांवर व प्लगांवर काळसर थर चढतो आणि आवाज खरखरू वा तुटू लागतो. वर्षातून एकदा वीज बंद करून प्लग काढून पुसून पुन्हा बसविल्यास व काळी पडलेली टोके छाटून नवी काढल्यास हा दोष दूर होतो. जोडणी पूर्ण झाल्यावर कोणती तार कोठून कोठे गेली आहे, याची आकृती काढून ती विवर्धकाच्या मागील बाजूस चिकटवावी व तारांना दोन्ही टोकांस नावाच्या पट्ट्या बांधाव्यात. घर बदलताना, रंगकामाच्या वेळी किंवा मूळ जोडणी करणारी व्यक्ती घरात नसताना संच पुन्हा बिनचूक जोडण्यास तिचा उपयोग होतो.